गमावलेले गुण मोजा : हंगामअखेरीस बढतीचा हिशेब

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच काळजीची आहेत : फुटबॉल लीगचे दोन-तीन सामने उरलेत, आपला क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढणार का? सगळ्यात नेमकं पत्र कामठीहून आलं. त्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तोच हिशेब इतरांनाही करावा लागणार आहे.

प्रश्न : आमच्या डिव्हिजनमध्ये १२ संघ आहेत, प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, म्हणजे ११ सामने. पहिले दोन संघ वर जातात. सध्या पहिल्या संघाचे ९ सामन्यांत २० गुण, दुसऱ्याचे ९ सामन्यांत १८, आमचे ८ सामन्यांत १७, चौथ्याचे ७ सामन्यांत १५ आणि पाचव्याचे ८ सामन्यांत १३. बाकीचे फार मागे आहेत. आमचे सामने उरलेत पहिल्याशी, चौथ्याशी आणि तळाच्या संघाशी. पहिल्याला आमच्याशिवाय फक्त पाचव्याशी खेळायचं आहे. दुसऱ्याचा एक सामना चौथ्याशी, एक मधल्या फळीतल्या संघाशी. चौथ्याचे चार : आमच्याशी, दुसऱ्याशी आणि खालच्या दोघांशी. आमच्या पोट्ट्यांना अजून किती गुण लागतील?
— एक वाचक, कामठी

उत्तर : आधी छापील गुणतालिका बाजूला ठेवा. सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतील, तर ती दिशाभूल करते. मिळवलेले गुण मोजण्याऐवजी गमावलेले गुण मोजा. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, म्हणून सूत्र सोपं आहे : झालेले सामने गुणिले ३, त्यातून मिळालेले गुण वजा.

पहिला संघ : २७ वजा २०, म्हणजे ७ गमावले. दुसरा : ९. तुम्ही : २४ वजा १७, म्हणजे ७. चौथा : २१ वजा १५, म्हणजे फक्त ६. पाचवा : ११. आता दिसेल की कागदावर चौथा असलेला संघ प्रत्यक्षात सगळ्यांच्या पुढे आहे. तुम्ही पहिल्याच्या बरोबरीला आहात आणि दुसरा तुमच्या मागे आहे. गमावलेले गुण परत मिळत नाहीत, म्हणून हाच आकडा पक्का. उरलेले सामने अजून खेळायचे आहेत, ते कोणाच्या खिशात नाहीत.

दुसरी पायरी म्हणजे कमाल मर्यादा. ११ सामन्यांचे ३३ गुण, त्यातून गमावलेले वजा करा. पहिला जास्तीत जास्त २६ पर्यंत जाईल, दुसरा २४, तुम्ही २६, चौथा २७, पाचवा २२. बहुतेक जण इथेच थांबतात आणि घाबरतात, कारण चार संघ २४ किंवा त्याच्या वर दिसतात. पण हे चारही संघ एकाच वेळी तिथे पोहोचूच शकत नाहीत, त्यांना एकमेकांशी खेळायचं आहे. दुसरा आणि चौथा समोरासमोर आले की त्यातल्या एकाची तरी मर्यादा खाली येणार. चौथा जिंकला तर दुसरा २१ च्या वर जाणार नाही. दुसरा जिंकला तर चौथ्याची मर्यादा तीनने उतरते. बरोबरी झाली तर दोघांचेही दोन-दोन गुण जातात. ही तिसरी पायरी, आणि खरा हिशेब इथेच होतो.

आता तुमचे ९ गुण घ्या. तिन्ही जिंकलात तर २६. मग पहिला २३ च्या वर जात नाही, चौथा आणि दुसरा २४ च्या वर जात नाहीत. तुम्ही पहिले.

७ गुण मिळाले तर तुमचे २४. पण ते ७ गुण कुठून आले यावर सगळं अवलंबून आहे, आणि हेच तुमच्या पत्राचं खरं उत्तर आहे. समजा तुम्ही पहिल्याला हरवलं, चौथ्याशी बरोबरी केली आणि तळाच्याला हरवलं. पहिला आता जास्तीत जास्त २३. चौथा सगळे जिंकून २५ झाला, तर त्याने दुसऱ्याला हरवलेलं असणार, म्हणजे दुसरा २१ वर अडकला. दुसरा २४ झाला, तर चौथा २२ च्या वर नाही. दोन्ही परिस्थितींत तुमच्या पुढे किंवा बरोबरीला एकच संघ असू शकतो. बढती पक्की.

आता उलट करा. पहिल्याशी बरोबरी, चौथ्यावर आणि तळाच्यावर विजय. गुण तेच २४. पण पहिला पाचव्याला हरवून २४ होऊ शकतो. त्यात चौथा उरलेले तिन्ही जिंकून २४, किंवा दुसरा दोन्ही जिंकून २४. तुमच्या पुढे कोणी नाही, पण तीन संघ एकाच आकड्यावर आणि जागा दोन. निर्णय समान गुणांच्या नियमावर जाईल. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

म्हणजे तुमचा सर्वांत मोलाचा सामना पहिल्या संघाशी आहे. तिथला विजय तुम्हाला ३ गुण देतो आणि छापील तालिकेत ज्याच्या मागे तुम्ही आहात त्याची मर्यादा २३ वर आणून ठेवतो. तो जिंकलात की उरलेल्या दोन सामन्यांत ४ गुण पुरतात, मग ते कुठूनही मिळोत : चौथ्याला हरवून तळाच्याशी बरोबरी झाली तरी तुमचे २४ च होतात, आणि तिथे चौथा किंवा दुसरा यांतला एकच २४ गाठू शकतो. ६ गुणांवर, म्हणजे एकूण २३ वर, काहीच पक्कं नाही. अनेक क्लब तळाच्या संघाकडून हातचे ३ गुण धरून चालतात आणि तिथेच घसरतात. त्या सामन्यात राखीव खेळाडू उतरवायचे की नाही हे आधीच्या दोन निकालांनंतर ठरवा.

चौथ्या संघाचे चार सामने उरलेत, याची फार धास्ती घेऊ नका. लांबणीवर पडलेले सामने शेवटी एकावर एक येतात, आणि मेच्या उन्हात दोन आठवड्यांत चार सामने खेळणं कोणत्याही संघाला जड जातं. फक्त तुमच्याशी असलेला सामना त्यांच्या वेळापत्रकात कितवा आहे ते बघून ठेवा. तो त्यांचा शेवटचा, थकल्यावरचा सामना असेल तर तुमचं नशीब चांगलं.

प्रश्न : गुण समान झाले तर गोलफरक बघतात की आपसातला सामना? आमच्या मंडळात यावरून दोन गट पडले आहेत.
— एक वाचक, मोहननगर

उत्तर : दोन्ही पद्धती चालू आहेत. इंग्लंडच्या लीगमध्ये आधी गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल), मग केलेले गोल. स्पेनच्या ला लीगात आधी आपसातले सामने, आणि २०२४-२५ च्या आपल्या आय-लीगमध्येही तेच होतं. तुमच्या लीगमध्ये काय आहे ते नियमावलीच्या पानावर बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. हंगाम संपल्यावर नियम वाचणाऱ्यांचीच भांडणं होतात.

गोलफरकाचं वजन किती, याचा दाखला २०१५-१६ च्या इंग्लिश चॅम्पियनशिपचा, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनचा. शेवटच्या दिवशी मिडल्सब्रो आणि ब्रायटन समोरासमोर, सामना १-१ सुटला आणि दोघांचे ८९ गुण झाले. मिडल्सब्रोचा गोलफरक ३२, ब्रायटनचा ३०. मिडल्सब्रो थेट प्रीमियर लीगमध्ये गेला. ब्रायटन प्ले-ऑफमध्ये, म्हणजे उरलेल्या एका जागेसाठीच्या बाद फेरीत, शेफील्ड वेन्सडेकडून हरला. ४६ सामन्यांच्या हंगामात फरक फक्त दोन गोलांचा! त्यामुळे गोलफरकाचा नियम असेल, तर ३-० ने पुढे असतानाही चौथा गोल शोधा. आणि ०-२ ने मागे असाल तर शेवटच्या दहा मिनिटांत सगळा संघ पुढे ढकलून ०-५ करून घेऊ नका.

आपसातल्या सामन्यांचा नियम असेल आणि तीन संघ समान असतील, तर चूक नेहमी एकच होते : लोक दोन-दोन संघांची जोडी लावतात. मग पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला हरवलेलं निघतं आणि गाडं फिरत राहतं. बरोबर रीत अशी की समान गुणांचे तिन्ही संघ एकत्र घ्यायचे, फक्त त्यांच्या आपसातल्या सामन्यांची छोटी गुणतालिका मांडायची. त्यातही समान राहिले तर त्याच सामन्यांतला गोलफरक, मग पूर्ण हंगामाचा. वर कामठीच्या वाचकांचा २४-२४-२४ चा पेच आहे तो असाच सुटेल. पहिल्याशी बरोबरीचा १ आणि चौथ्यावरच्या विजयाचे ३, असे त्यांचे छोट्या तालिकेत ४ गुण. पहिल्याने चौथ्याला आधी हरवलं असेल तर त्याचेही ४, पण चौथा ३ च्या वर जातच नाही. म्हणजे या तिघांत कामठीचा क्लब नक्की वर. तिसरा संघ चौथ्याऐवजी दुसरा असेल, तर मात्र दुसऱ्याशी झालेला जुना सामना काढून बघावा लागेल.

एक जुनी गोष्ट अजून काही नियमपुस्तिकांत राहिलेली असते : गोल सरासरी. ती वजाबाकी नाही, भागाकार आहे. २० गोल करून १० खाल्ले तर सरासरी २, ४५ करून ३० खाल्ले तर दीड. गोलफरकात दुसरा संघ १५ विरुद्ध १० असा पुढे, सरासरीत मागे. इंग्लंडने ती पद्धत १९७६-७७ पासून सोडली. तुमच्याकडे छापील शब्द कोणता आहे ते नीट वाचा.

प्रश्न : तळाचा संघ उरलेले सामने खेळायला येणार नाही असं ऐकतो. आम्हाला फुकटचे तीन गुण मिळतील का?
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : एक सामना सोडला तर वॉकओव्हर, म्हणजे समोरचा न खेळता विजयी, आणि सहसा ३-० धरतात. पण संघाने लीगमधूनच माघार घेतली तर बहुतेक लीगमध्ये त्याचे सगळे निकाल रद्द होतात, आधी झालेलेसुद्धा. मग ज्यांनी त्याला हरवलं होतं त्यांचे ३ गुण जातात, आणि ज्यांचा सामना व्हायचा होता त्यांना काही मिळत नाही. तालिका एका रात्रीत उलटी दिसते आणि लोक ओरडतात. इथेही गमावलेले गुण मोजा. ज्यांनी त्या संघाला हरवलं होतं त्यांचा एक सामना आणि ३ गुण गेले, म्हणजे गमावलेले गुण जसेच्या तसे. तुमचा सामना झालाच नव्हता, तुमचेही तसेच. खरा फायदा फक्त त्याचा, ज्याने त्या संघाशी बरोबरी केली होती किंवा हार खाल्ली होती. त्याचे गमावलेले दोन किंवा तीन गुण पुसले जातात. तो संघ तुमच्या शर्यतीत आहे का, एवढंच बघा.

प्रश्न : आमच्या दोन हाफबॅकवर पिवळी कार्डं साचली आहेत. कोण कोणत्या सामन्यात बसणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही.
— एक वाचक, मोमिनपुरा

उत्तर : हे कळायलाच हवं, कारण बंदी असलेला खेळाडू उतरवला तर मैदानावर जिंकलेला सामना टेबलावर हरता येतो. एक वही घाला. रकाने असे : खेळाडू, सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, पिवळं की लाल, एकूण पिवळी, बंदी कोणत्या सामन्यासाठी, बंदी भोगली का. प्रत्येक सामन्यानंतर रेफ्रीच्या सही झालेल्या सामनापत्रकावरून भरा, आठवणीवरून नाही. रेफ्रीने क्रमांक चुकीचा लिहिला असेल तर तो तिथल्या तिथे निदर्शनास आणा, दोन दिवसांनी कोणी ऐकत नाही.

किती पिवळ्यांवर बंदी, हे प्रत्येक लीग ठरवते. एकाच सामन्यात दोन पिवळ्यांमुळे मिळालेलं लाल आणि थेट लाल यांचे परिणाम वेगळे असू शकतात. सर्वांत जास्त गोंधळ लांबणीवर पडलेल्या सामन्यात होतो. शनिवारचा सामना रद्द झाला, खेळाडूला वाटलं बंदी संपली, आणि मंगळवारी तो उतरला. बंदी साधारणपणे प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या पुढच्या सामन्याला लागू होते, तारखेला नाही. शंका असेल तर लीगच्या सचिवांकडून लेखी घ्या.

याची किंमत किती, हे २०२४-२५ च्या आय-लीगने दाखवलं. जानेवारी २०२५ मध्ये नामधारी एफसीने इंटर काशीला २-० हरवलं, पण नामधारीने अपात्र खेळाडू उतरवल्याची तक्रार झाली. एप्रिलमध्ये २२ सामने संपले तेव्हा चर्चिल ब्रदर्सचे ४० आणि इंटर काशीचे ३९ गुण होते. म्हणजे त्या एका सामन्याच्या ३ गुणांवर विजेतेपद आणि वरच्या इंडियन सुपर लीगचं दार अडलेलं होतं. प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि जुलै २०२५ मध्ये इंटर काशी विजेता ठरला. समोरच्याची चूक तुमच्या लक्षात आली, तर निषेध लेखी, ठरलेल्या तासांच्या आत आणि शुल्कासह द्यावा लागतो. मुदत किती तासांची आहे ते आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही.

प्रश्न : शेवटचे सामने ४४ अंशांच्या उन्हात आलेत. दुसऱ्या हाफमध्ये संघ बसतो. काय करावं?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : शक्य असेल तर सामना सकाळी मागा. नागपुरात मेच्या सुरुवातीला सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. ९० मिनिटं, १५ मिनिटांचं मध्यंतर आणि थांबे धरून सामन्याला जवळपास दोन तास लागतात, म्हणजे दिवे नसलेल्या मैदानावर साडेचारच्या पुढे सुरुवात करता येत नाही. साडेचारला जमीन दिवसभर तापलेली असते. सकाळी साडेसहाला सुरू केलं तर साडेआठच्या आत मोकळे व्हाल.

खेळाच्या नियमांत दोन प्रकारचे थांबे आहेत : पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत, आणि अंग गार करण्यासाठी दीड ते तीन मिनिटं. साधारण ३० व्या आणि ७५ व्या मिनिटाला. हे सामन्याआधी रेफ्रीशी ठरवा, आणि तेवढा वेळ शेवटी वाढतो हे खेळाडूंना सांगून ठेवा. वाढीव वेळ दोन-तीन मिनिटांचाच असेल असं धरून बसलेले संघ सहाव्या मिनिटाला गोल खातात.

दर १५-२० मिनिटांनी १५० ते २५० मिली पाणी, तहान लागायच्या आधी. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत घातलं तर ते खारट होतं, मळमळतं आणि पोरं पीत नाहीत. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. मध्यंतराला संत्र्याच्या फोडी देतात ते चांगलंच, पण त्यातून मीठ मिळत नाही. खेळाडू बरळायला लागला, चालताना तोल गेला, तर त्याला लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. तिथे बढतीचा विचार करू नका.

आपली काळी माती उन्हात भेगाळते. गोलपोस्टपुढच्या आणि मधल्या भेगा आदल्या संध्याकाळी माती भरून, पाणी मारून दाबा. सामन्याच्या तासभर आधी मारलेलं पाणी फक्त वरचा थर निसरडा करतं.

प्रश्न : इंग्लंडमध्ये तिसरा आलेला संघ वर जात नाही आणि सहावा जातो, हे न्यायाला धरून आहे का?
— एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : आम्हाला ती पद्धत निर्दय वाटते, पण हंगाम जिवंत ठेवते हे खरं. २०२४-२५ मध्ये चॅम्पियनशिपमधून लीड्स आणि बर्नली १००-१०० गुणांवर थेट वर गेले, तिसरा ते सहावा प्ले-ऑफला उतरले. शेफील्ड युनायटेड ९० गुणांवर तिसरा, संडरलंड ७६ गुणांवर चौथा. वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात संडरलंड २-१ जिंकला. १४ गुण मागे असलेला संघ वर गेला. त्याच संडरलंडने १९९७-९८ मध्ये ९० गुण मिळवून तिसरा क्रमांक घेतला होता आणि अंतिम सामन्यात ४-४ नंतर चार्ल्टनकडून पेनल्टींवर हरला होता. तिथल्या क्लबचा हिशेब करताना थेट बढती आणि प्ले-ऑफ अशा दोन रेषा वेगळ्या आखा. मार्चअखेरीस तिथली घड्याळं पुढे जातात, मग दुपारी ३ चा सामना आपल्याकडे रात्री साडेआठऐवजी साडेसातला लागतो.

प्रश्न : शेवटच्या दिवशी आमचा सामना एका मैदानावर सकाळी, प्रतिस्पर्ध्याचा दुसऱ्या मैदानावर संध्याकाळी आहे. हे चालतं का?
— एक वाचक, सदर

उत्तर : चालू देऊ नका. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले, तेव्हा त्याच गटातल्या अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच झालेला होता. जर्मनी १-० जिंकला की दोघंही पुढे जातात हे दोघांना माहीत होतं. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि पुढे सामना नावापुरता उरला. अल्जीरिया बाहेर. १९८६ पासून विश्वचषकात गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी होतात. लीगला लेखी अर्ज द्या, शर्यतीतल्या इतर क्लबांच्या सह्या घ्या. दोन मैदानं आणि दोन रेफ्री एवढंच लागतं.

एकाच वेळी सामने लागले, तर दुसऱ्या मैदानावर एक भरवशाचा माणूस फोन घेऊन उभा करा आणि त्याला फक्त दोन गोष्टी कळवायला सांगा : गोल, आणि शेवटची शिट्टी. मे २०२३ मध्ये जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये हॅम्बर्गने सँडहाउझेनवर १-० विजय मिळवला आणि प्रेक्षक बढती मिळाली म्हणून मैदानात उतरले. तिकडे रेगेन्सबुर्गमध्ये हायडेनहाइम अजून खेळत होता. त्याने वाढीव वेळेत दोन गोल करून सामना ३-२ ने जिंकला. हायडेनहाइम ६७, हॅम्बर्ग ६६. मग हॅम्बर्गला पहिल्या डिव्हिजनमधल्या स्टुटगार्टशी दोन सामन्यांची लढत खेळावी लागली आणि दोन्ही तो हरला. तेव्हा दुसऱ्या मैदानावरची शिट्टी वाजल्याचा फोन येईपर्यंत ढोल-ताशे गाडीतच ठेवा, आणि फोन आल्यावरही त्या माणसाला सामनापत्रकावर रेफ्रीची सही होईपर्यंत तिथेच थांबायला सांगा.